भिंतीवरची जागा सोडू नका

विश्वासात काही वर्षे काढलेल्या माणसाला एक काळ असा येतोच. प्रार्थना चालू असते, रविवारची उपासना चुकत नाही, घरात वचन वाचले जाते, आणि तरीही मन आतून ढासळत जाते. ज्या कामासाठी देवाने बोलावले अशी खात्री होती, नेमक्या त्याच कामात अडथळे उभे राहतात. घरचे समजून घेत नाहीत, मंडळीत गट पडतात, आजार लांबत जातो. मग प्रश्न पडतो, देव विश्वासू आहे तर हे माझ्याच वाट्याला का? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, अधिक धोक्याचा प्रश्न येतो : आता हे सगळे सोडून द्यावे का?

त्या दुसऱ्या प्रश्नापाशी येऊन थांबलेल्यांसाठी हा लेख आहे. देवाच्या विश्वासूपणावर भरवसा असणे म्हणजे मनात सदैव उभारी असणे, अशी आपली समजूत असते. त्यामुळे उभारी ओसरली की आपला विश्वासच संपला असे वाटू लागते. शास्त्र वेगळे शिकवते. मन खचलेले असतानाही देवाने नेमून दिलेल्या जागेवर टिकून राहायचे, आणि आपल्याला धरून ठेवण्याचे काम देवाचे आहे हे मानायचे, याला भरवसा म्हणतात. तो अंगी बाणवता येतो. त्याचा सर्वांत तपशीलवार धडा मला नहेम्याच्या पुस्तकात सापडतो.

बावन्न दिवसांची भिंत

इ.स.पूर्व ४४५ च्या सुमाराची गोष्ट. नहेम्या शूशन येथे पारसाच्या राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमेचा कोट पडलेला आहे, वेशी जळालेल्या आहेत, ही बातमी ऐकून तो बसून रडला. त्याने उपास केला आणि जवळपास चार महिने प्रार्थना केली. मग राजाची परवानगी घेऊन तो यरुशलेमेला पोहोचला, रात्रीच्या वेळी मोजकी माणसे बरोबर घेऊन पडझड पाहिली आणि लोकांना कामाला उभे केले. तिसऱ्या अध्यायात बांधणाऱ्यांची यादी आहे. याजक, सोनार, सुगंधी द्रव्ये करणारे, व्यापारी, एका अधिकाऱ्याच्या मुलीसुद्धा. अनेकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला.

भिंत ५२ दिवसांत पुरी झाली. त्या ५२ दिवसांत विरोध एकदा येऊन गेला असे झाले नाही. तो रूप बदलत बदलत येत राहिला. ही रूपे ओळखता आली तर आपली अर्धी भीती कमी होते.

विरोध कोणकोणत्या रूपांत येतो

पहिले रूप हेटाळणीचे. या कामाचे विरोधक सनबल्लट आणि तोबीया यांनी आधी हसून पाहिले. या दुबळ्यांच्या भिंतीवर कोल्हा चढला तरी ती पडेल, असा तोबीयाचा टोमणा होता. आजही सुरुवात तिथूनच होते. कॉलेजच्या वसतिगृहात जेवणाआधी डोळे मिटणाऱ्या मुलाला ऐकावे लागते. लाच न घेणाऱ्या कारकुनाला कचेरीत नावे ठेवली जातात. नहेम्याने टोमण्याला टोमणा दिला नाही. दुखावलेले मन त्याने देवापुढे मोकळे केले, कडक शब्दांत केले, आणि पुढची ओळ सांगते की भिंत अर्ध्या उंचीपर्यंत गेली.

दुसरे रूप धमकीचे आणि तिसरे थकव्याचे. हे दोन्ही एकाच वेळी आले. एकीकडे शत्रू चाल करून येणार अशी वदंता, दुसरीकडे यहूदाचे लोक म्हणू लागले की ओझी वाहणाऱ्यांचे बळ सरले आहे आणि मलबा तर अजून ढिगांनी पडला आहे. लक्षात घ्या, हे वाक्य शत्रूचे नाही, आपल्याच माणसांचे आहे. आणि ते कामाच्या मध्यावर आले आहे. सुरुवातीचा उत्साह संपलेला आणि शेवट दृष्टिपथात नाही, अशा मधल्या टप्प्यावर निराशा सर्वांत जड होते. संडेस्कूल चालवणाऱ्या ताई, व्यसनातून बाहेर पडू पाहणारा भाऊ, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सेवा करणारी सून, यांना हा मधला टप्पा चांगला ठाऊक असतो.

चौथे रूप घरातल्या अन्यायाचे. पाचव्या अध्यायात भिंतीचे काम बाजूला राहते आणि गरिबांचा आक्रोश ऐकू येतो. शेते आणि घरे गहाण पडली होती, मुले-मुली गुलामीत जात होती, आणि व्याज घेणारे परके नव्हते, भाऊबंदच होते. नहेम्याने याचे खापर सनबल्लटावर फोडले नाही. सभा बोलावून त्याने धनवानांना तोंडावर विचारले आणि घेतलेले परत करायला लावले. हा भाग आपण फार जपून वाचला पाहिजे. मंडळीतल्या प्रत्येक अडचणीला ‘सैतानाचा हल्ला’ म्हणणे सोपे असते. पण हिशेब दाखवले जात नसतील, एखाद्या विधवेचे पैसे अडकवले असतील, पाळक आणि पंच यांच्यात अबोला असेल, तर तिथे आधी पश्चात्ताप आणि भरपाई हवी.

पाचवे रूप लक्ष विचलित करण्याचे. ओनोच्या मैदानात येऊन भेट, असा निरोप शत्रूंनी चार वेळा पाठवला. मी मोठ्या कामात आहे, खाली येऊ शकत नाही, या अर्थाचे एकच उत्तर नहेम्याने चारही वेळा दिले. पाचव्यांदा उघडे पत्र आले. तू राजा व्हायला निघाला आहेस अशी अफवा त्यात होती, आणि पत्र उघडे होते ते वाटेत सर्वांनी वाचावे म्हणूनच. आज उघडे पत्र व्हॉट्सअॅपच्या गटावर येते. नहेम्याने काय केले? असे काही घडलेले नाही, हे तुझ्या मनातून काढलेले आहे, एवढेच कळवले. देवाकडे हातांना बळ मागितले. आणि काम चालू ठेवले. आरोपाला एकदा स्पष्ट, थोडक्यात उत्तर द्यावे. रोज रात्री नवे उत्तर लिहीत बसू नये.

सहावे रूप सर्वांत फसवे, कारण ते धार्मिक भाषेत येते. शमाया नावाच्या माणसाने भविष्यवाणीच्या थाटात सल्ला दिला की तुला मारायला येत आहेत, मंदिरात जाऊन दार लावून घेऊ. नहेम्याने ओळखले की याला देवाने पाठवलेले नाही, पैसे देऊन उभे केले आहे. कसे ओळखले? तो सल्ला त्याला भीतीपोटी पाप करायला आणि आपली जागा सोडायला सांगत होता. कोणी ‘प्रभूने मला दाखवले’ म्हणून तुम्हाला घाबरवत असेल, औषधे बंद करायला सांगत असेल किंवा पैशांची मागणी करत असेल, तर शास्त्र उघडा आणि परिपक्व विश्वासणाऱ्यांना विचारा. भीती दाखवून कळप हाकणे ही मेंढपाळाची रीत नाही.

आधी शरीराकडे पाहा

प्रत्येक निराशेचे मूळ आध्यात्मिक नसते. १ राजे १८ मध्ये कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्टा विजयी उभा आहे, आणि पुढच्याच अध्यायात ईजबेल राणीच्या धमकीने तो बैर-शेबापलीकडे अरण्यात, रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला आहे. देवाने त्याला प्रवचन दिले नाही. त्याला झोपू दिले. दूताने स्पर्श करून उठवले, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला घातले. त्यानंतर होरेबापर्यंतची वाट.

तेव्हा मन खचले की पहिली चौकशी साधी असावी. गेल्या पंधरवड्यात झोप किती झाली? जेवण वेळेवर होते का? एकही दिवस विसाव्याचा मिळाला का? सेवेच्या नावाखाली शरीराची आबाळ करणे हे विश्वासाचे लक्षण नाही. शिवाय काही निराशा आजार असतात. कित्येक आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, जगणे नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. उपचार घेतल्याने देवावरचा भरवसा कमी ठरत नाही. एलीयाला ज्याने भाकर पाठवली तोच वैद्यालाही हात देतो.

होरेबावर देवाने एलीयाला दोनदा एकच प्रश्न विचारला आणि एलीयाने दोनदा तीच तक्रार केली. देवाने दोन्ही वेळा ऐकून घेतली. मग त्याने दोन गोष्टी दिल्या : पुढचे काम, ज्यात अलीशासारखा सोबती होता, आणि एक वस्तुस्थिती, की बआलापुढे न वाकलेले सात हजार इस्राएलात आहेत. ‘मी एकटाच उरलो’ ही एलीयाची भावना खरी होती. माहिती मात्र चुकीची होती. निराशेच्या काळात आपण जे निष्कर्ष काढतो ते तपासून घ्यावेत, आणि नोकरी सोडणे, मंडळी बदलणे, सेवेचा राजीनामा देणे असे मोठे निर्णय त्या दिवसांत शक्यतो लांबवावेत.

लढाई कोणाशी आहे

इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल सांगतो की आपले झगडणे रक्तमांसाच्या माणसांशी नाही. हे त्याने कैदेतून लिहिले, ज्यांनी बेड्या घातल्या ते समोर असताना. म्हणून एक नियम स्वतःला घालून घ्या : कोणत्याही माणसाला सैतान म्हणायचे नाही. बाप्तिस्म्यामुळे दुरावलेले वडील, गावातले वेगळ्या धर्माचे शेजारी, मंडळीत विरोधात बोलणारे सभासद, यांच्यापैकी कोणीही आपला शत्रू नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना करता येते, त्यांच्या अडचणीला धावून जाता येते. लग्नात, मयतीत, आजारपणात आपण पोहोचलो तर कितीतरी गैरसमज बोलण्याआधीच विरघळतात.

आणि शत्रू खरोखर आहे, हेही विसरू नये. पेत्र त्याला गर्जणाऱ्या सिंहाची उपमा देतो आणि लगेच सांगतो की जगभरातल्या तुमच्या बंधुवर्गावर हीच दुःखे येत आहेत (१ पेत्र ५). त्याचे मुख्य हत्यार खोटेपणा आहे. ‘देवाने तुला टाकले’, ‘तू इतका पापी आहेस की तुझ्यासाठी क्षमा नाही’, ‘तुझ्या श्रमांचे काही होणार नाही’, ही वाक्ये मनात आली की ती मोठ्याने म्हणून पाहा आणि त्यांच्यासमोर शास्त्रातले एकेक वचन ठेवा. अरण्यात मोह आला तेव्हा प्रभू येशूने हेच केले, तिन्ही वेळा.

प्रार्थना आणि पहारा

नहेम्या ४:९ मध्ये दोन क्रिया एकत्र येतात. त्यांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. काही जण फक्त प्रार्थना करतात आणि वेस उघडी टाकतात. काही जण फक्त पहारा देतात आणि काळजीने झिजून जातात. भरवशाच्या माणसाला दोन्ही करायचे असते.

पहारा म्हणजे रोजच्या जगण्यातल्या ठरलेल्या जागा राखणे. कोणत्या वेळी तुमचे मन सर्वांत दुबळे असते? रात्री उशिरा मोबाइल हातात असताना? पगाराच्या आधीच्या आठवड्यात? एखाद्या ठरावीक नातलगाचा फोन येऊन गेल्यावर? ती फट ओळखा आणि तिथे आधीच काही नेमून ठेवा. पुण्या-मुंबईत एकट्याने राहून रविवारीही पाळी करणाऱ्या तरुणाने आठवड्यातल्या दुसऱ्या एखाद्या दिवशीची घरगुती प्रार्थनासभा धरून ठेवावी. गावात एकच ख्रिस्ती घर असलेल्यांनी संध्याकाळची कौटुंबिक उपासना मोडू देऊ नये, मग ती दहा मिनिटांची का असेना.

देवापुढे रडायला हरकत नाही

आपल्या मंडळ्यांत साक्ष बहुधा विजयाची दिली जाते. त्यामुळे ज्याची लढाई अजून चालू आहे तो गप्प बसतो. स्तोत्रसंहिता अशी गप्प बसत नाही. ४२ आणि ४३ ही स्तोत्रे मिळून स्तोत्रकर्ता आपल्या जिवाला तीनदा विचारतो की तू असा खचला का आहेस, आणि तीनदा त्याला देवाची आशा धरायला सांगतो. एकदा सांगून भागले असते तर तीनदा सांगावे लागले नसते. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ज्या प्रार्थनेचा शेवट गोड झाला नाही तिलाही देवाने आपल्या पुस्तकात जागा दिली.

म्हणून शब्द सुचत नसतील तेव्हा रोज एक विलापाचे स्तोत्र मोठ्याने वाचा. १३वे केवळ सहा ओव्यांइतके छोटे आहे. तिथून सुरुवात करा. तक्रार देवाकडे नेणे हाही विश्वासच आहे, कारण जो ऐकत नाही असे वाटते त्याच्यापाशी माणूस तक्रार घेऊन जात नाही.

आठवणी लिहून ठेवा

यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने नदीतून बारा धोंडे आणवले आणि गिलगाल येथे उभे केले, मुलांनी पुढे विचारावे म्हणून. शमुवेलाने मिस्पाजवळ धोंडा उभा करून त्याला एबन-एजर नाव दिले. विसरणे हा माणसाचा स्वभाव आहे हे त्यांना माहीत होते.

घरात एक वही ठेवा. तिच्यात तारीख घालून लिहा : फी भरायची सोय कशी झाली, ऑपरेशनच्या रात्री कोण सोबतीला आले, कोणत्या रागातून देवाने सोडवले. मिळाले नाही तेही लिहा. वही प्रामाणिक असली तरच वाईट दिवसांत तिच्यावर भरवसा बसेल. वर्षातून एकदा, नाताळात किंवा वर्षअखेरच्या रात्री, घरातल्या सर्वांनी मिळून ती वाचावी. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात हेच घडते. नगर जळाले आहे, कडूपणा तोंडात आहे, आणि लिहिणारा जाणूनबुजून देवाची दया आठवतो. त्याची परिस्थिती त्या ओळीने बदलत नाही. उभे राहायला जमीन मात्र मिळते.

कर्णा वाजला की धावा

भिंत लांब होती, माणसे विखुरलेली होती. म्हणून नहेम्याने कर्णा वाजवणारा जवळ ठेवला आणि सांगितले की आवाज येईल तिकडे जमा व्हा. प्रत्येकाने आपल्यासाठी असा कर्णा ठरवून ठेवावा : अशी दोन माणसे, ज्यांना कोणत्याही वेळी ‘आज मला जमत नाही, प्रार्थना करा’ एवढे कळवता येईल. त्यांतले एक आपल्याहून वयाने आणि विश्वासाने मोठे असावे.

आणि दुसऱ्याचा कर्णा ऐकू आला तर? ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस जे केले ते करा. ते त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले. त्यांचा घोटाळा बोलायला लागल्यावर झाला. डबा घेऊन जा, मुलांना दोन तास सांभाळा, दवाखान्यात सोबत बसा. ‘तुमचा विश्वास कमी पडला’ हे वाक्य कोणाच्याही दुःखात उच्चारू नका.

विश्वासू देव काय वचन देतो

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर वर सांगितलेले सगळे उपाय फसवे ठरतील. देव विश्वासू आहे म्हणजे आपण मागितले तसेच घडेल असे नाही. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात काही जण तलवारीपासून वाचले, आणि त्याच परिच्छेदात काही जण तलवारीने मारले गेले. दोघांचीही गणना विश्वासात झाली. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा मिळाली. देवाने आपल्याला सोडणार नाही असे वचन दिले आहे, परीक्षेतून निभावण्याची वाट देण्याचे दिले आहे (१ करिंथ १०:१३), आणि आरंभलेले काम शेवटास नेण्याचे दिले आहे. या वचनांचा पुरावा आपल्या चांगल्या दिवसांत नाही, वधस्तंभावर आणि रिकाम्या कबरेत आहे. ज्याने तिथे माघार घेतली नाही तो इथे घेणार नाही.

आपल्या मातीत याची साक्ष पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. १८८९ साली त्यांनी मुंबईत स्त्रियांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी पुण्याला आणले. १८९३ मध्ये सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात यावरून मोठे वादळ उठले. प्रतिष्ठित सल्लागारांनी अंग काढून घेतले, अनेक पालकांनी मुली नेल्या. बाईंनी स्त्रियांची सेवा सोडली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार स्त्रिया आणि मुली आणल्या आणि केडगावला ‘मुक्ती’ या त्यांच्या संस्थेचे काम उभे राहिले. हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी वर्षानुवर्षे चालवले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती कन्या, कामात उजवा हात असलेली मनोरमा, वारली. आईच्या काळजाला याहून मोठा घाव नाही. त्या घावासह रमाबाईंनी भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या प्रभूकडे गेल्या. देवाने त्यांना दुःखातून वगळले नाही. त्याने त्यांना शेवटच्या पानापर्यंत नेले.

या आठवड्यापासून

वाचून झाल्यावर यातले सगळे एकदम करायला जाऊ नका. पुढचे एवढेच करा.

१. एका कागदावर लिहा की सध्या तुमच्यावर विरोधाचे कोणते रूप चालून आले आहे : हेटाळणी, धमकी, थकवा, आतला अन्याय, विचलन की भीती. नाव कळले की उत्तरही सापडते.

२. सलग सात रात्री वेळेवर झोपा.

३. रोज एक विलापाचे स्तोत्र मोठ्याने वाचा आणि शेवटी, मनाला वाटो वा न वाटो, ‘प्रभू, तू विश्वासू आहेस’ असे म्हणा.

४. ज्याचे आपण देणे लागतो, पैशाचे वा क्षमेचे, त्या एका माणसाकडे जा.

५. तुमच्या दोन माणसांपैकी एकाला आजच फोन करा.

६. तुमच्या घरासमोरचा भिंतीचा तुकडा कोणता, हे ठरवा. साऱ्या यरुशलेमेची काळजी एका माणसावर टाकलेली नव्हती. तुमच्या वाट्याचे जे एक काम आहे, मुलांना वचन शिकवणे असो, आजाऱ्याची सेवा असो, सचोटीने चालवलेले दुकान असो, त्यावर आज एक धोंडा ठेवा.

भिंत पुरी झाल्यावरही तोबीयाची पत्रे बंद झाली नाहीत, हे सहाव्या अध्यायाच्या शेवटी नोंदले आहे. विरोध संपेपर्यंत थांबलो तर काम कधीच होणार नाही. पण भिंत पुरी झाली तेव्हा आसपासच्या शत्रूंनाही कबूल करावे लागले की हे काम देवाकडून झाले आहे. तुमच्या कामाबद्दलही हेच म्हटले जावे, अशी माझी प्रभूपाशी मागणी आहे. तोवर, बंधूंनो आणि भगिनींनो, जागा सोडू नका. ज्याने तुम्हाला बोलावले तो विश्वासू आहे, आणि तो ते सिद्धीस नेईल.